कल्हई गेलेल्या पातेल्यातलं सार

मित्रांनो, मी एक जुनं पितळेचं पातेलं आहे. सुरतेच्या भेस्तान भागातल्या एका खोलीत, माळ्यावर उपडं पडून आहे. मला खाली काढा, असं मी म्हणणार नाही. मी काय केलंय ते आधी ऐका.

सुंदराबाईंच्या आईने मला धरणगावच्या बाजारातून घेतलं आणि लेकीच्या लग्नात दिलं. गावी दरवर्षी दिवाळीआधी कल्हईवाला यायचा. तो मला तापवून आतून कथिलाचा पांढरा हात फिरवायचा. मग वर्षभर आंबट-चिंबट काहीही माझ्यात शिजवा, बिनघोर! काय थाट होता माझा!

पुढे सुंदराबाईंचे मालक लोटूभाऊ सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला लागले. मीही गाठोड्यातून आलं. इथे कल्हईवाला कधी फिरकलाच नाही. मी फळीवर शोभेपुरतंच उरलं, तरी सुंदराबाई दर रविवारी मला चिंचेने आणि राखेने घासायच्या. शेजारच्या मंगलाबाई म्हणायच्या, "काय चकाकतंय हो!" मी फुगून जायचं. पण दर घासणीला माझं कथिल झिजत होतं. आतून मी पिवळं पडलं, तेही साऱ्यांना स्वच्छच वाटलं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

मागच्या वर्षी सून जयश्रीला सातवा महिना होता. रक्त फार कमी. दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या, "गोळ्या चुकवू नका. पालक, मेथी, डाळ खा आणि सोबत टोमॅटो घ्या. त्यातल्या क जीवनसत्त्वाने भाजीतलं लोह अंगी लागतं. कधी कच्चा खा, कधी जरा तेलावर शिजवून. पित्त होत असेल तर बेताने." सुंदराबाईंनी हे मनावर घेतलं. भाकरीसोबत टोमॅटोची कोशिंबीर, मेथीत टोमॅटो, स्टीलच्या भांड्यात सार. दोन-तीन आठवड्यांत पोरगी जरा तरतरीत दिसू लागली. सासूच्या पायाला भिंगरी लागली होती नुसती!

आणि एके दिवशी त्यांना माझी आठवण झाली. आईच्या पातेल्यातली चव स्टीलला कुठली येणार? सकाळी त्यांनी माझ्यात सार केलं. जयश्री तपासणीला गेली होती, म्हणून ते दुपारपर्यंत माझ्यातच राहिलं.

"आई, तुरट लागतंय," जयश्री म्हणाली.

"टमाटा कच्चा व्हई. पी ले माय, रक्त वाढी."

अर्ध्या तासात ओकाऱ्या सुरू झाल्या. पोटात कळा, घाम. तिचा नवरा चेतन तिला रिक्षात घालून घेऊन गेला. सार कुठल्या भांड्यात केलं, ते डॉक्टरांनी विचारलं आणि सगळं उमगलं. बिचाऱ्या टोमॅटोचा काही दोष नव्हता. त्याच्या आंबटपणाने माझं पितळ उतरलं होतं, सार कळकलं होतं. मला त्या दिवशी तोंड असतं तर मी ओरडलं असतं हो!

देवाच्या दयेने जयश्री आणि पोटातलं बाळ दोघं वाचली. पण जयश्रीची आई आली आणि लेकीला बाळंतपणासाठी नंदुरबारला घेऊन गेली. जाताना सुनेने सासूच्या हातचं पाणीही घेतलं नाही. "मन्हा हातनं चुकनं," एवढंच म्हणत सुंदराबाई दारात बसून राहिल्या. त्यानंतर त्यांनी घरात टोमॅटो आणला नाही.

परवा जयश्री तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन परत आली. काल ती आपण होऊन म्हणाली, "आई, सार करा ना. तुमच्या हातचं."

सुंदराबाईंनी नव्याकोऱ्या स्टीलच्या पातेल्यात सार केलं. पहिली वाटी स्वतः प्यायल्या आणि भिंतीवरच्या घड्याळासमोर जाऊन बसल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातलं जुनं पितळ बाहेरून नको, आतून बघा. कल्हई गेली असेल तर त्यात टोमॅटो, चिंच, ताक घालू नका. भांड्याला कल्हई पुन्हा करता येते. माणसाच्या मनातली भीती कशाने काढायची, ते मला ठाऊक नाही.

"आई, द्या ना, थंड होतंय," जयश्री म्हणाली.

"थांब माय. मले काही व्हस का, ते देखू दे."