अकरा नळ्या

उदयरावांनी तार आठव्या नळीत घातली आणि फिरवून ओढली. वाळलेल्या मातीची गोळी बाहेर आली, तिच्यामागे थोडी पिवळी भुकटी. बुरशी असणार, असं म्हणत त्यांनी फुंकर मारली आणि नळीचं तोंड फडक्याने पुसलं. अजून तीन तुंबलेल्या होत्या. गुडघे कुरकुरत होते. आनंद नगरहून दोन बस बदलून तळ्याकाठच्या या बागेत यायचं म्हणजे अर्धा दम रस्त्यातच जातो. पण मळकट वस्तूवर कॅमेरा रोखायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. कारखान्याचे फोटोग्राफर म्हणून एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं: ट्रान्सफॉर्मर असो की टर्बाइन, आधी पुसायचं, मग टिपायचं. साहेब येणार म्हटल्यावर तिथे कुंड्यांनाही गेरू लागायचा, मग यंत्रांची काय कथा.

समोर भाजल्या मातीची एक बाई कुशीवर निजली होती, चांगली सात हात लांब. तिच्या पाठीत बांबूच्या साठ नळ्या बसवलेल्या. शेजारच्या स्वरदाने हे शिल्प रानातल्या मधमाश्यांसाठी घडवलं होतं. मधमाशी म्हटलं की उदयरावांच्या डोळ्यांसमोर पोळं यायचं, आणि पोळं काही त्यांना कुठे सापडलं नव्हतं. बागेच्या समितीने दिलेली वर्षाची मुदत शनिवारी संपत होती. तोवर शिल्पात कोणी राहतं असा फोटो आला नाही, तर बाई उचलून त्या जागी रंगीत कारंजं बसणार होतं. स्वरदा तीन आठवडे टायफॉइडने अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिने काकांना पाठवलं होतं. माश्या नाहीत तर नाहीत, निदान शिल्प तरी देखणं दिसावं, एवढंच त्यांच्या हातात होतं.

दहाच्या सुमारास ती स्वतःच आली. ताप कालच उतरला होता, रिक्षापासून बाकापर्यंत येताना दोनदा थांबली. उदयरावांनी लख्ख झालेल्या नळ्यांकडे हात केला. पोरीला बरं वाटेल अशी त्यांची अटकळ होती. ती मात्र खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राकडे बघत होती.

"काका, ही माती कुठली?"

"नळ्यांतली. अकरा तुंबल्या होत्या. मुलांनी कोंबली असणार."

स्वरदाने वाकून एक गोळी उचलली आणि नखाने फोडली. आत परागाला चिकटून तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी अळी होती. हलत होती. स्वरदाने ती तळहातावर घेतली.

"म्हणजे आल्या होत्या," ती म्हणाली.

उदयरावांना काही उमजेना. तेव्हा तिने थकल्या आवाजात समजावलं. या माश्या पोळं करत नाहीत, एकेकट्या राहतात. नळीत अंडं घालायचं, पिलाच्या खाण्यापुरता पराग ठेवायचा, चिखल आणून तोंड लिंपायचं आणि निघून जायचं. फोटो काढायचा होता तो या लिंपलेल्या तोंडांचा.

उदयराव तार खिशात घालायला गेले, ती जाईना. सत्तरीला टेकलेल्या माणसाने अकरा घरं पुसून काढावीत आणि वर शाबासकीची वाट बघावी.

"परत बसवता येतील?"

"नाही काका. जाऊ द्या ना, तुम्हाला थोडंच माहीत होतं."

त्यांनी जाऊ दिलं नाही. गोळ्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या, शेजारी मोजपट्टी ठेवली. मोडलेल्या भागाचा फोटो चौकशीसाठी कारखान्यात असाच काढत. त्यांनी सहा फोटो काढले. पराग, अळ्या, सगळं स्वच्छ दिसत होतं.

स्वरदाने फोनवरच समितीला लिहायला घेतलं. अकरा नळ्यांत वस्ती होती, फोटो सोबत. मग ती अडली. वस्ती गेली कशी, हे ते विचारणारच. थोडं लिहून तिने मान वर न करता वाचून दाखवलं. त्यात माकडांनी नळ्या उकरल्या होत्या.

"माकडांचं कशाला?"

"तुमचं नाव दिलं तर इथे पुन्हा कॅमेरा आणू देणार नाहीत."

ते खरंच होतं. निवृत्तीनंतर घराबाहेर पडायला त्यांना तेवढंच निमित्त उरलं होतं. ते बाकावर टेकले.

"आणि माकडांचं दिलं तर?"

स्वरदाने फोन मांडीवर ठेवला. "तर म्हणतील, इथे माश्या टिकणारच नाहीत."

उदयरावांनी कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण बसवलं.

"एकतीस वर्षांत माझ्या एकाही फोटोखाली नाव छापलं गेलं नाही," ते म्हणाले. "इथे घाल. उदय वझलवार. साफ करताना काढून टाकली, असं लिही."

तिने माकडं खोडली.