शांततेचं कमिशन

मानसशास्त्राची पदवी घेतल्यावर मला जी एकमेव नोकरी मिळाली, तिच्यात दिवसभर माणसांशी बोलायचं होतं, हे मान्य करायला हवं. कर्ज थकलेल्यांना फोन करायचा आणि पैसे भरायची तारीख काढून घ्यायची. त्या तारखेला आमच्याकडे वायदा म्हणतात. दर वायद्यामागे थोडं कमिशन. मुलाखतीत साहेबांनी पदवीचा कागद उलटा धरून वाचला आणि म्हणाले, "मनाचं शिकलायस ना? मग काढ लोकांच्या मनातून."

ही पदवीही कर्ज काढूनच घेतलेली. तिचा हप्ता अर्ध्या पगाराहून किंचित कमी. खोलीचं भाडं अर्ध्या पगाराहून किंचित जास्त. जेवण कमिशनवर. एक महिना जेवण सोडून पाहिलं, जमलं नाही. मग हप्ता सोडला. ते मात्र सात महिने सहज जमलं.

कर्जाला जामीनदार बाबा. त्यांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान आहे. त्यांना मी सांगितलं होतं की मी समुपदेशक आहे आणि हप्ते वेळेवर जातात. पहिली थाप अशीच मारली होती, दुसरी पहिलीला सोबत म्हणून. बाबांना यातलं काही कळू नये, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा उरली होती.

ऑफिसात मला 'डॉक्टर' म्हणायचे, कारण मी एक शोध लावला होता. तिसऱ्या वर्षाला आम्हाला शिकवलं होतं, दुःखी माणसापुढे गप्प बसा, तो आपणहून बोलतो. मी रक्कम सांगायचो आणि गप्प बसायचो. जो आधी बोलेल तो भरेल. सरासरी नऊ सेकंद लागायचे. साहेबांनी ते भिंतीवर लिहून लावलं.

मंगळवारी बँकेकडून नवी यादी आली. नंबर यंत्रच लावतं, आपण फक्त बोलायचं. चौथ्या कॉलला पडद्यावर माझं नाव आलं.

आमचे मोबाइल बाहेर लॉकरमध्ये असतात. भिंतीपलीकडे माझा वाजायला लागला.

"डॉक्टर, कुणाचा तरी फोन बोंबलतोय," शेजारच्या खुर्चीवरची ताई म्हणाली.

"माझाय."

"मग जाऊन घे की!"

"कसा घेऊ? मी फोनवर आहे."

यंत्राने मला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा मी उचलला नाही. पडद्यावर नोंद झाली, 'ग्राहक टाळतो.' आणि यंत्राने जामीनदाराचा नंबर लावला.

कॉल कापला की दिवसाचा पगार कापतात. शिवाय साहेब कानाला हेडफोन लावून माझंच ऐकत होते, शिकण्यासारखं असतं म्हणून.

"बोला," बाबा म्हणाले.

मी आवाज होईल तितका सरकारी केला. "नमस्कार. तुमच्या चिरंजीवांच्या शिक्षणाच्या कर्जाचे सात हप्ते थकलेत. तुम्ही जामीनदार आहात." रक्कम सांगितली, आणि सवयीने गप्प बसलो.

नऊ सेकंद गेले. वीस गेले. पलीकडून वजनं ठेवल्याचा आवाज येत होता. टक्. टक्. काटा स्थिर होईपर्यंत बाबा कधीच बोलत नाहीत. म्हणजे माझा शोध आमच्या दुकानात माझ्या जन्माआधीपासून वापरात होता.

एकेचाळिसाव्या सेकंदाला ते म्हणाले, "सात?"

"सात."

"पोरगा म्हणतो वेळेवर जातात."

मी गप्प. ही पद्धत नव्हती.

"असू दे. त्याला नका फोन करू, साहेब. लोकांची दुःखं ऐकायचं काम आहे त्याचं, दमत असेल. पाच तारखेला मी भरतो. जमतील तसे दोन-दोन. दर महिन्याला मलाच फोन करत जा." वजन उचलल्याचा आवाज आला. "तुम्हीच करा. आणि घसा बसलाय तुमचा, कोमट पाणी पीत जा."

पडदा हिरवा झाला. वायदा पक्का, कमिशन जमा. शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहावंच लागतं. मी लिहिलं, 'जामीनदार सहकार्य करतो.'

"एकेचाळीस सेकंद!" साहेब उठून उभे राहिले. "याला म्हणतात शास्त्र!"

आता हा कॉल नव्या मुलांना नमुना म्हणून ऐकवतात. परवा सहा जण आले होते. साहेबांनी मला शेजारी उभं केलं. बाबांची वजनं भिंतीवरच्या स्पीकरमधून टक् टक् वाजली. एका मुलीने वहीत लिहिलं, 'आवाज बसलेला ठेवावा, समोरच्याला दया येते.' मग तिने हात वर केला.

"सर, हा माणूस खरंच भरतो?"

"भरतो."

"कशावरून कळलं तुम्हाला?"

"मानसशास्त्र!" माझ्या वतीने साहेबच म्हणाले.

तिने तेही लिहून घेतलं. मी पाणी प्यायला गेलो. तिथे थंडच मिळतं.