ठकीचं ओलं, माझं कोरडं

चार महिन्यांपूर्वी माझी बायको सगुणा गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि ठकी. ठकी तिची मांजर. माझ्याकडे ती भाडेकरूकडे बघावं तशी बघते.

गेल्या आठवड्यात ठकी लघवीला बसून नुसतीच ओरडायला लागली. पंचवटीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "खायला काय देता?"

"कोरडे दाणे. चार महिने झाले. सकाळी वाटीत ओतले की दिवसभर बघायला नको."

"काका, मांजरं पाणी कमी पितात. हिला आता ओलंच द्या. आणि उद्या संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर परत आणा. उपाशी मांजराचं लिव्हर बिघडतं."

ओल्या खाण्याची पाकिटं आणली. ठकीनं वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि कपाटावर जाऊन बसली. मी कोमट करून दिलं, वाटी बदलली, बोटावर धरलं. नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून मुलीचा, संजनाचा, व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, ठकीनं खाल्लं?"

"नाही. तुझ्या आईनं लाडावून ठेवलीय."

"आणि तुम्ही?"

मी ओट्याशी उभा होतो. हातातला टोस्ट फोनमागे नेला.

"कुरुमकुरुम ऐकू येतंय, बाबा. सकाळी काय खाल्लं?"

"चिवडा."

"काल रात्री?"

"शेंगदाणे. गूळपण होता."

"म्हणजे ठकीला ओलं आणि तुम्ही दाण्यांवर! डॉक्टरांना तुम्हालाच दाखवायला हवं होतं." ती हसली. मग म्हणाली, "आई ठकीला कधी वाढायची, आठवतंय?"

आठवत होतं. सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, हा सगुणाचा नियम. शेवटी ठकीची वाटी. मी मळ्यातून भुकेला आलो तरी हातावर चापट बसायची, "थांबा, ठकीचं वाढायचंय." कोरडे दाणे ठकी येता-जाता खायची. ते तिला जेवण वाटतच नसावं.

मीही चार महिन्यांत ताट घेतलं नव्हतं. ताटावर बसलं की समोरची जागा दिसते.

कुकर लावला. वरण पाणचट झालं, भात खाली लागला. जमिनीवर बसून माझं ताट वाढलं, शेजारी ठकीची वाटी ठेवली. समोर बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. हात तसाच राहिला.

ठकी कपाटावरून उतरली. आधी माझ्या वरणाचा वास घेऊन नाक मुरडलं, अगदी सगुणासारखं. मग आपल्या वाटीत तोंड घातलं. तेव्हा मीही घास घेतला.

सकाळी ठकीच्या ट्रेमध्ये लघवीनं रेतीचा चांगला मोठा ओला गोळा झालेला दिसला. मी लगेच फोटो काढून संजनाला पाठवला.

तिचं उत्तर आलं, "बाबा! मी नाश्ता करतेय!"

मी लिहिलं, "कोरडा की ओला?"