पुतळाआजींनी शिवलेलं कव्हर

मित्रांनो, मी हवा गाळणारा एक जुना एअर प्युरिफायर आहे. घरातले मला नुसतं 'मशीन' म्हणतात. चाकणजवळ, रस्त्याला लागूनच आमचं घर आहे. दिवसभर ट्रेलर धावतात आणि त्यांची धूळ न विचारता आत येते.

माझं काम सोपं आहे. पोटातला पंखा पाठीमागून हवा ओढतो. आधी जाळीत केस, कचरा अडकतो. मग कागदाच्या घड्यांसारखा फिल्टर डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ धरून ठेवतो. गाळलेली हवा मी वरून सोडतो.

मला आणलं ते तेव्हा दुसरीत असलेल्या मैत्री नावाच्या मुलीसाठी. धुळीनं तिला धाप लागायची. औषधं चालूच होती. "यानंही फरक पडला नाही, तर तिला राजगुरुनगरला मामाकडे ठेवू," असं तिची आई हर्षाली म्हणाली. ते ऐकून पुतळाआजी धास्तावल्या. नात गेली तर घर खायला उठेल!

आजींनी माझी फार काळजी घेतली. नव्या मशीनवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी मला झालरीचं कव्हर शिवलं. वरचा भाग तेवढा उघडा, बाकी थेट जमिनीपर्यंत. पाहुणे कौतुक करायचे आणि मी आत गुदमरायचो. मैत्रीची धाप काही थांबेना. 'बिनकामाचं धूड' असे टोमणे मला ऐकावे लागले. फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

शेवटी मामाला बोलावणं गेलं. तो पुढच्या आठवड्यात येणार, म्हणून आजींनी घर आवरायला घेतलं. कव्हर धुवायला काढलं, तर पाठीकडचं कापड काळंकुट्ट!

"आगं हर्षाली, हितंच कशी गं एवढी घाण?"

हर्षालीनं माझी पाठ चाचपली. "आई, हवा इथूनच आत जाते. आपण त्याचं नाकच बांधून ठेवलं होतं!"

"आन् मी म्हनत व्हते, मशीनला धूळ लागू नये!" आजींनी कपाळावर हात मारला. त्या हसल्या आणि हसता हसता रडल्यासुद्धा.

कव्हर पुन्हा चढलं नाही. घरातले दारं-खिडक्या लावून घेऊ लागले आणि मी पोटभर श्वास घेऊ लागलो. मामा आला त्या दुपारी मैत्री गाढ झोपली होती, एकदाही न खोकता. आजींनी त्याच्या हातात चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "पोरगी कुठं जात न्हाई. तुमी मातर जेवून जावा."

मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, आम्हाला नटवू नका. जाळी झाडा, फिल्टर भरला की बदला, पाठ मोकळी ठेवा. आम्ही मळलो तर खुशाल मळू द्या. ती धूळ तुमच्या छातीत जाण्यापेक्षा आमच्या पोटात बरी.