म्हाळसाच्या मांडीतलं चाक

मी म्हाळसाच्या उजव्या मांडीतून बोलतोय. शोधायला जाल तर सापडणार नाही. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसणार नाही, इतका मी लहान आहे. माझं पुस्तकातलं नाव एटीपी सिंथेज. जीभ वळत नसेल तर नुसतं चाक म्हणा, कारण मी खरोखरच फिरतो.

पेशीच्या आत तंतुकणिका नावाच्या लांबट खोल्या असतात. त्यांच्या आतल्या पडद्यात मी रोवलेला आहे. पडद्याच्या एका अंगाला हायड्रोजनचे कण दाटतात, बंधाऱ्यामागं पाणी दाटावं तसे. त्यांना पलीकडं जायला माझ्या पोटातून वाट आहे. जाता जाता ते मला फिरवतात, आणि दर फेऱ्याला माझ्या हातून एटीपीचे तीन रेणू घडून बाहेर पडतात. पापणी लवायची असो की पाण्याचा हंडा उचलायचा असो, लागणारी ताकद या रेणूंतच बांधलेली असते.

माझे काही भाग त्या खोलीतच घडले. ते घडवायची रीत म्हाळसाला तिच्या आईकडून आली, आईला तिच्या आईकडून. बापाकडून ती येत नाही. बाकीचे भाग बाहेरून आले, एकमेकांत बसले आणि मी फिरायला लागलो. साल १९९७. नवरात्र नुकतंच बसलं होतं. त्याच महिन्यात माझं फिरणं ओळखणाऱ्या शास्त्रज्ञांना परदेशात मोठं बक्षीस जाहीर झालं. इथं मांडवगण फराटा गावात ते कुणाला कळलं नाही, आणि मलाही फुरसत नव्हती.

म्हाळसाचं घर धनगराचं. तिचे सासरे सोपानराव, सगळे त्यांना आबा म्हणत, उभा जन्म मेंढरांमागं फिरले होते. आता वस्तीवर विहीर होती, कांदा होता. म्हाळसाचा नवरा म्हस्कू कंपनीच्या गाडीनं रांजणगावला कामाला जायचा. भावकीतल्या बहुतेकांनी मेंढरं मोडली होती. यांच्याकडं तीसेक उरली होती आणि ती म्हाळसाच्या जिवावर होती. म्हस्कू म्हणायचा, "कंपनीत रजा मिळत न्हाई आन् मेंढराला सुट्टी न्हाई. कशाला हा ताप?" म्हाळसा काठी उचलायची आणि चालू लागायची. ती चालायची म्हणजे मी फिरायचो.

यंदा पाऊस लवकर उघडला. शेजारच्या हौशीरामनं वैरणीचं कडवळ कापून नेलं होतं आणि त्या ज्वारीच्या बुडख्यांना वीतभर हिरवे फुटवे आले होते. हौशीराम भला माणूस. तो म्हणाला, "वहिनी, आणा मेंढरं माझ्या रानात. त्यांचं पोट भरंल, मला खत हुईल." चाऱ्याची टंचाई होती. म्हाळसानं दुपारी मेंढरं आत घातली. ती त्या हिरव्यावर तुटून पडली.

थोड्याच वेळात चांदी लटपटली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ही जुनी मेंढी आबांची फार लाडकी. ती दोन पावलं आडवी गेली आणि कोसळली. मागोमाग दुसरी, मग तिसरी. बांधावर बसलेले आबा काठी टेकत धावत आले. त्यांनी चांदीची पापणी उलटून पाहिली. आतली कातडी लालभडक होती.

"किरळ लागली," आबा म्हणाले. "भायेर काढ सगळी. आदुगर भायेर."

किरळ म्हणजे कोवळ्या, ताणावर वाढलेल्या ज्वारीतलं विष. ते काय करतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी जसा म्हाळसात आहे तसाच मेंढीतही आहे. अगदी ज्या ज्वारीत ते विष होतं, तिच्यातही आहे. आम्हाला फिरवणारे कण एका अंगाला दाटतात ते श्वासातल्या प्राणवायूच्या जोरावर. किरळीचं विष नेमकी तीच जागा अडवतं. मेंढी धापा टाकते, रक्त प्राणवायूनं लालबुंद असतं, पण तो कामी येत नाही. बंधारा रिकामा होतो. मग आम्ही उलटे फिरू लागतो आणि घडवलेले रेणू आम्हीच मोडू लागतो. एक छोटा राखणदार येऊन खुट्टी मारतो तेव्हा आम्ही जागीच थांबतो. चांदीच्या काळजातली चाकं अशी थांबत चालली होती.

म्हाळसानं आणि आबांनी मेंढरं बांधापलीकडं हाकलली. म्हस्कूची मोटारसायकल बंद पडलेली, हौशीराम शिरूरला गेलेला. जनावरांचा दवाखाना गावात, वस्तीपासून कोसभर.

"आबा, तुम्ही इथं थांबा. म्या जाते."

"पोचायची न्हाईस तू."

"जाते," म्हाळसा म्हणाली, आणि तिनं पदर खोचला.

त्या धावण्यासाठीच मी घडलो होतो, असं मला आजही वाटतं. नांगरलेलं रान, मग पाटाची कड, मग खडीचा रस्ता. ती चप्पल काढून धावली. रक्त मांडीत उसळलं, बंधारा काठोकाठ भरला आणि मी एका सेकंदात शंभराच्या वर फेरे घेऊ लागलो. तरी पुरेना. बंधाऱ्यामागं भरती होत होती त्याच्या दुप्पट ताकद ती मागत होती. मांडीत आंबटपणा साठला, जळजळ सुरू झाली. ओढ्याजवळ तिचा पाय मुडपला. ती गुडघ्यावर आली, हात टेकून उठली आणि पुन्हा धावली. माणसं याला जिद्द म्हणतात. हुकूम कुठून येतो ते मला माहीत नाही. मला एवढंच कळतं, की ती थांबली नाही म्हणून मीही थांबलो नाही.

दवाखान्यात डॉक्टर पूनम मॅडम होत्या. नोकरीला लागून त्यांना वर्ष झालं होतं. म्हाळसा दाराची चौकट धरून म्हणाली, "मॅडम, किरळ. मेंढरं पडायलीत."

मॅडमनी कपाट उघडलं. "इंजेक्शन तीन मेंढ्यांपुरतंच आहे, ताई. बाकीच्यांना तोंडानं हायपो पाजावा लागेल. फोटो धुवायला वापरतात तोच. विष पोटात आहे तिथंच बांधलं जाईल. फोटो स्टुडिओ कुठं आहे?"

"मच्छिंद्रभावजींचा. एसटी थांब्यावर."

दोघी मॅडमच्या स्कूटरवर बसल्या. मच्छिंद्र ओळखपत्रांचे काळेपांढरे फोटो धूत होता. म्हाळसानं दारातूनच हायपो मागितला. त्यानं तिच्या रक्ताळलेल्या पायांकडं पाहिलं आणि कशाला, असं विचारलंसुद्धा नाही. आतून अख्खी पिशवी आणून तिच्या ओटीत घातली. "वहिनी, आणखी लागला तर सांगा. फोटो उद्या धुतो."

त्या परतल्या तेव्हा दोन मेंढ्या गेल्या होत्या. चार आडव्या होत्या. उरलेल्यांतल्या काही तोंडाला फेस आणून उभ्या होत्या. आबांनी चांदीचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"पैली हिला द्या," ते म्हणाले.

मॅडमनी सुई भरली आणि म्हाळसाकडं पाहिलं. आडव्या चार आणि औषध तिघींपुरतं. म्हाळसा चांदीजवळ बसली. तिनं बोटाचं टोक तिच्या डोळ्याला लावलं. पापणी हलली नाही.

"आबा, हिची पापणी मिटत न्हाई. त्या तिघी अजून मान धरत्यात."

"माझ्या हातावर वाढलीया ती."

"व्हय. म्हून तुम्ही तिच्यापाशी बसा." ती उठली. "मॅडम, त्या तिघींना द्या."

मॅडमनी एकेकीच्या मानेतली शीर धरून औषध हळूहळू आत सोडलं. मग म्हाळसानं बादलीत हायपो कालवला आणि उभ्या असलेल्या एकेका मेंढीचं तोंड वर करून बाटलीनं पाजला. तिच्या मांड्या थरथरत होत्या. मेंढीला दोन गुडघ्यांत आवळून धरायचं आणि पाजून सोडायचं, की दुसरी. तेवढं बळ आम्ही कुठूनतरी काढलं.

चांदी आबांच्या मांडीवरच गेली. आबांनी तिचे डोळे झाकले आणि ते तोंड फिरवून बसले.

ऊन उतरता उतरता सुई दिलेल्या तिघींतली एक पुढच्या गुडघ्यांवर उठली, पडली, पुन्हा उठली. तिच्या आत काय झालं असेल ते मी सांगू शकतो. विष सुटलं, वाट मोकळी झाली, कण दाटले, खुट्टी निघाली आणि थांबलेली चाकं एकेक करून फिरू लागली. मग दुसरी उठली. तिसरी मात्र उठली नाही.

संध्याकाळी म्हस्कू कंपनीच्या गाडीतून उतरला. त्यानं ओळीनं ठेवलेल्या चार मेंढ्या पाहिल्या. "आता पुरं झालं," तो म्हणाला. "राहिलेली दिऊन टाकू."

म्हाळसा पाय पसरून बसली होती. तळव्यांतले काटे काढता काढता ती म्हणाली, "बाजारात न्यायला न्हाई उठवली म्या त्यांना."

म्हस्कू कुदळ घेऊन लिंबाखाली खड्डा खणायला लागला.

त्या दिवसापासून आबा म्हाळसाशी बोलेनासे झाले. तिच्या हातची भाकरी खायचे, पण पाणी हवं असलं तरी म्हस्कूला म्हणायचे, "तुझ्या बायकूला सांग." ती मुकाट्यानं पाणी द्यायची, मेंढरं सोडायची. कुठल्याही रानात शिरण्याआधी वाकून फुटवा हातात घेऊन पाहायची. अशी दिवाळी गेली.

आता माझी मुदत भरत आलीय. माझ्यासारखं चाक काही आठवडेच टिकतं. मग पेशी मला मोडते आणि माझ्या तुकड्यांतून नवं काही घडवते. त्याचं दुःख नाही. जाता जाता सांगणं एकच. पाय ओढत का होईना, कुणी पुढं निघालेलं दिसलं, तर त्याला घटकाभर टेकू द्या, दम घेऊ द्या. त्याच्या आत कुणीतरी फिरतंय, त्याला लागतो तो श्वास.

आज सकाळी म्हाळसा चुलीपुढं उकिडवी बसली होती. आबा दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात काठी होती.

"म्हाळसा," ते म्हणाले, "आज मेंढरं कुठं न्यायची?"

तिनं मान वर केली. आजवर या घरात कोणतं रान धरायचं ते आबा सांगायचे आणि बाकीचे ऐकायचे.

"घोड नदीच्या कडंला, आबा. तिथं ज्वारी न्हाई. तुम्ही येता का?"

"येतो की."

म्हाळसा हातावरचं पीठ झटकून उठली. मांडी ताणली गेली. बंधाऱ्यामागं कण दाटले.

मी फिरलो.