यादोरावांची तिकोनी शाल

मोहाडीच्या बाजारपेठेत यादोरावांचं धान खरेदीचं दुकान होतं. दिवाळीनंतर लवकर निघणाऱ्या हलक्या धानाची पोती यायला लागली होती. एका सकाळी ते काट्याजवळ उभे राहून तळहातावर धान घेऊन पाहत होते. पाहता पाहता डावा हात लुळा पडला आणि दाणे खाली सांडले. ते काय झालं म्हणून वाकले, ते तसेच खाली बसले.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात नऊ दिवस काढून ते घरी आले. बोलणं शाबूत राहिलं. काठी घेऊन चालताही येऊ लागलं. पण डाव्या हाताची बोटं कामातून गेल्यासारखी झाली. शर्टाची बटणं बायको निर्मलाबाई लावून देई, भाकर तीच मोडून देई. दुकान मुलगा प्रविण बघू लागला. यादोराव अडुसष्ट वर्षांचे होते आणि आजवर त्यांना कोणी काही करून दिलेलं चालत नसे, त्यामुळे घरात दिवसभर त्यांची चिडचिड चाले.

हाताचे व्यायाम घ्यायला अपेक्षा नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा येत असे. तिने रबरी चेंडू दाबायला दिला. ताटात लाखोळीच्या कडधान्याचे दाणे पसरून ते एकेक करून वाटीत टाकायला लावले. तिसऱ्या आठवड्यात यादोरावांनी ते ताट ढकलून दिलं. अपेक्षा दाणे वेचायला बसली. वेचता वेचता तिला बाजेखाली कापडाची पिशवी सापडली. आत दोन सुया होत्या आणि त्यांवर तान्ह्या मुलाची अर्धी टोपी. कोणाची म्हणून तिने विचारलं. माझी, असं निर्मलाबाईंनी सांगितलं. मग काकांना हेच का शिकवत नाही, असं अपेक्षा म्हणाली. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने ओढायचं, बोटांना याहून चांगला व्यायाम नाही.

यादोराव खिडकीकडे पाहत राहिले. निर्मलाबाईंनी टोपी पिशवीत घातली आणि पिशवी उचलून आत नेली.

त्या चाळीस वर्षांपासून विणत होत्या. गल्लीत मूल झालं की पहिली टोपी त्यांच्या हातची असे. पण कित्येक वर्षांत नवऱ्यासमोर त्यांनी सुया बाहेर काढल्या नव्हत्या. ते दुकानात गेले की विणायला बसायचं आणि जेवायला यायच्या आधी आवरून ठेवायचं, हा त्यांचा नेम होता. त्यामागे एक कारण होतं, पण ते मुलासुनेला माहीत नव्हतं.

आठ दिवस गेले. एका दुपारी यादोरावांनीच विषय काढला.

“ते सुयांचं काम मले जमन का?”

“पाहू,” निर्मलाबाई म्हणाल्या.

काय विणायला द्यावं याचा त्यांनी तीन दिवस विचार केला. स्वेटर यादोरावांना झेपला नसता. मफलरची ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढीच राहते, त्यात नवा माणूस कंटाळतो. शेवटी त्यांनी तिकोनी शाल ठरवली. ती तीन टाक्यांवर सुरू होते. सगळ्या ओळी सुलट विणायच्या, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सुईवर दोरा एकदा फिरवून एक टाका वाढवायचा. शाल टोकाकडून रुंद होत जाते आणि हवी तेवढी झाली की थांबता येतं. लोकर त्यांनी घेतली नाही. शाल व्हायला फाल्गुन उजाडणार, तेव्हा लोकर अंगावर कोण घेईल? त्यांनी फिकट पिवळं बारीक सूत आणलं आणि जाड सुया दिल्या, म्हणजे वीण सैल पडते आणि कापड हलकं होतं.

पहिल्या तीन टाक्यांना यादोरावांची अख्खी दुपार गेली. डाव्या हातातली सुई सारखी निसटायची. निर्मलाबाईंनी त्यांचा हात धरला नाही. त्या समोर पाटावर बसल्या, आपलं विणकाम काढलं आणि सावकाश एक एक टाका घेऊ लागल्या. यादोराव पाहून पाहून तसं करत. चुकलं की त्या म्हणत, उसवा. ते उसवत. पौष संपेपर्यंत तळहाताएवढा तुकडा तयार झाला. पण आता सुई पडत नव्हती.

जुने मित्र मधुकरराव एकदा भेटायला आले, तेव्हा त्यांनी हे पाहिलं आणि पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर सगळ्यांना कळलं. तेव्हापासून कोणाची चाहूल लागली की यादोराव सगळं उशीखाली सरकवत. मग एकदा ओळीच्या मधोमध असताना मधुकरराव पुन्हा आले. त्या वेळी सुई ठेवली असती तर टाके गळाले असते, म्हणून यादोराव विणतच राहिले. मधुकरराव बराच वेळ बसले. जाताना त्यांनी विचारलं, किती टाके झाले. एकशे बारा, यादोरावांनी सांगितलं. त्या दिवशी मधुकरराव हसले नाहीत.

पुढे टाके सरळ सुयांवर मावेनात, तेव्हा निर्मलाबाईंनी आपली वायर जोडलेली लांब सुई काढून दिली.

माघातली गोष्ट. प्रविण दुकानात होता, सून रीता धुणं वाळत घालत होती. यादोराव अंगणात बाजेवर बसून विणत होते. सूत ओढताना सुईचं टोक सटकलं आणि एका बाजूचे टाके उघडे पडले. त्यांनी ती उघडी वीण उचलून हातात घेतली. निर्मलाबाई समोरच होत्या.

“तुही शाल,” यादोराव म्हणाले. “मी चुलीत टाकली होती.”

प्रविण दीड वर्षाचा असतानाची ती गोष्ट होती. घरी तुमसरचे व्यापारी आले होते आणि चहाला उशीर झाला. यादोराव आत गेले तर निर्मलाबाई ओळ पूर्ण करत होत्या. यादोरावांनी त्यांच्या हातून विणकाम ओढून घेतलं, सुया काढून फेकल्या आणि सगळी शाल चुलीत घातली. पाहुण्यांना चहा मिळाला. त्या दिवसानंतर या गोष्टीवर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

“हो,” निर्मलाबाई म्हणाल्या. “हिरवी होती.”

“मले रंग याद नाई.”

“मले आहे.”

त्यांनी शाल आपल्या हातात घेतली आणि सुटलेले टाके सुईवर उचलायला सुरुवात केली. यादोराव त्यांच्या बोटांकडे पाहत होते.

“चुकलं माह्यं,” ते म्हणाले. “तू इतकी वर्सं काही बोलली काहून नाई?”

“तुमी ऐकनारे नव्हते.”

“आता ऐकतो.”

“आता मले बोलाचं नाई,” निर्मलाबाई म्हणाल्या. त्यांनी शाल यादोरावांच्या मांडीवर ठेवली. “तीस टाके सुटले होते. मोजून घ्या.”

त्या उठल्या. रीताला जेवण वाढायला सांगून शेजारच्या धुरपताबाईंकडे गेल्या आणि दिवेलागणीपर्यंत आल्या नाहीत. त्या तिथे कशाबद्दल बोलल्या असं धुरपताबाईंना पुढे कोणी विचारलं, तर त्या सांगायच्या की निर्मला आली आणि मला मिरच्या निवडू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी निर्मलाबाई पुन्हा पाट घेऊन समोर बसल्या. यादोरावांनी टाके मोजून ठेवले होते. दोन कमी भरत होते. ते त्यांनी दाखवले आणि निर्मलाबाईंनी दुरुस्त करून दिले.

होळीनंतर चौथ्या दिवशी शाल पूर्ण झाली. सुईवर एकशे सत्त्याऐंशी टाके होते. टाके बंद करताना दोरा ढिला ठेवा, नाहीतर काठ आवळतो, असं निर्मलाबाईंनी बजावलं होतं. त्यालाच यादोरावांना दोन दिवस लागले. मग निर्मलाबाईंनी शाल पाण्यात भिजवून हलकी पिळली, सावलीत बाजेवर चादर टाकून तीन टोकं ताणली आणि पिनांनी अडकवून ठेवली. सुकल्यावर वीण मोकळी झाली आणि धरून पाहिलं तर पलीकडचं दिसे. डावीकडचा काठ वाकडा गेला होता. मधे एक-दोन ठिकाणी नको तिथे भोकं होती. अपेक्षाने ती पाहिली, मग यादोरावांना शर्टाची बटणं लावायला सांगितली. त्यांनी पाचही लावली. वरच्याला वेळ लागला.

“घे,” असं म्हणून यादोरावांनी शाल बायकोला दिली. निर्मलाबाईंनी घडी करून कपाटात ठेवली. पंधरा दिवस ती तिथेच होती. ती आवडली का, असं यादोरावांनी विचारलं नाही.

चैत्र लागला तेव्हा एकोडीहून निर्मलाबाईंच्या भावाचा, परसरामचा फोन आला. त्याला नात झाली होती आणि बारसं होतं. भावाकडे निर्मलाबाई क्वचित जात आणि गेल्या तर त्याच दिवशी परतत, कारण यादोरावांना दुसऱ्या कोणाच्या हातचं जेवण चालत नसे. या वेळी त्यांनी फोन ठेवला आणि नवं काही विणत बसलेल्या नवऱ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

“मी उद्या एकोडीले जाऊन राहिली,” त्या म्हणाल्या. “आठ दिवस राहीन.”

यादोरावांनी ओळ थांबवली.

“जा,” ते म्हणाले.

सकाळी हवेत अजून गारवा होता. निर्मलाबाईंनी कपाटातून शाल काढून खांद्यावर घेतली आणि भंडाऱ्याची बस धरली. तिथून साकोली, साकोलीहून एकोडी. अंगणात पोचल्या तेव्हा ऊन चढलं होतं, पण शाल त्यांनी काढली नव्हती. भावजय शकुनबाईने काठाला हात लावून विचारलं, कुठून घेतली. प्रविणच्या बाबांनी विणली, निर्मलाबाई म्हणाल्या. शकुनबाईला ते पटलं नाही. निर्मलाबाईंनी पटवून द्यायच्या भानगडीत न पडता बाळ मांडीवर घेतलं.

पाचव्या दिवशी यादोरावांचा फोन आला. रीता नीट वाढते, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, बाळाले टोपी पाह्यजे का, टाके किती घालू. उन्हाळा लागला, आता टोपी कोणी घालत नाही, निर्मलाबाई म्हणाल्या. यादोराव म्हणाले, मग हिवाळ्यासाठी सांग. निर्मलाबाईंनी टाके सांगितले. यादोरावांनी ते दोनदा म्हणून घेतले.

निर्मलाबाई एकोडीला अकरा दिवस राहिल्या.