एका टोकाचा माग

तक्रार आमच्या नेटवर्कच्या ऑफिसात नऊ चाळीसला आली. उत्तरेतल्या म्झुझूच्या हॉस्पिटलातून इकडे राजधानीत, लिलाँग्वेला, स्कॅन येत नाहीत. तियोंगे नावाची सव्वीस वर्षांची मास्तरीण सकाळी शाळेला जाताना भाड्याच्या मोटरसायकलवरून पडली होती, डोक्यावर. तिथले डॉक्टर नवखे. ऑपरेशन तिथंच करायचं की तिला गाडीत घालून साडेपाच तास इकडे आणायचं, हे इथल्या मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्वाले स्कॅन बघून सांगणार होते.

म्वालेंनी थेट मलाच फोन लावला. "बाई, मोबाइलवर फोटो काढून पाठवलाय त्यांनी, नुसता चिखल दिसतोय. मला अख्खा संच हवा. बारापर्यंत आला नाही तर ते तिला गाडीत घालणार."

"बघते," म्हटलं.

मला धडकी भरायला हवी होती. नाही भरली. पाच आठवड्यांपूर्वी आई गेली, तेव्हापासून मला काही वाटेनासंच झालंय. खोटं कशाला बोलू? जेवते, चव लागत नाही. झोपते, उठते, कामावर येते. लोक म्हणतात, आतुपेले किती धीराची! डोंबलाची धीराची.

मी माग काढला. काम सोपं असतं. इथून माहितीचं एक छोटं पाकीट सोडायचं, वाटेतलं एकेक ठाणं ‘माझ्यापर्यंत आलं’ असं उलट कळवतं. चार ठाण्यांनी कळवलं. पाचव्यापासून खालपर्यंत पडद्यावर नुसत्या चांदण्या. चांदणी म्हणजे उत्तर नाही.

चौथं ठाणं आमचं नव्हतं, ज्या कंपनीची केबल आम्ही भाड्यानं घेतो तिचं होतं. मग काय, धरलं त्यांनाच.

"मॅडम, आमच्याकडनं सगळं पुढे जातंय," त्यांचा माणूस म्हणाला.

"मग ह्या चांदण्या काय माझ्या सासऱ्यानं काढल्या?"

"मॅडम, तुम्ही पलीकडे विचारलंत का?"

"पलीकडचं मला शिकवू नका. तुमचं बघा आधी."

असं दोन तास चाललं. त्याच्या वरच्याशी भांडले, वरच्याच्या वरच्याशी भांडले. शेजारच्या टेबलावर वायसन बसतो. एकोणीस वर्षं ह्या धंद्यात. त्यानं शेवटी खुर्ची वळवली.

"म्झुझूवाल्यांना त्यांच्या बाजूनं माग काढायला सांगितलंस?"

"सांगते. आधी ह्यांचं होऊ दे."

"अगं बाई, एका टोकाचा माग म्हणजे अर्धा माग. पाकीट जातं एका वाटेनं, उत्तर येतं भलत्याच. परतीची वाट तुटली असली तरी तुला इथं चांदण्याच दिसणार. दर वर्षी नव्यांना तूच शिकवतेस ना हे?"

शिकवते. पण आमच्या म्झुझूच्या ऑफिसात, त्या टोकाला, वेझी बसते. माझी धाकटी बहीण. आई तिच्याकडे होती. दुखणं तीन दिवस चाललं आणि मला चौथ्या दिवशी कळलं. मातीला सगळ्या बायका जमलेल्या, त्यांच्यासमोर मी तिला म्हटलं, "आईला तू एकटीनं खाल्लंस. ह्यापुढे मला फोन करायचा नाही." तिनं केला नाही. मीही केला नाही. ऑफिसचं काही असलं तर वायसनकरवी चालायचं. आज वायसनला सांगायचीही मला लाज वाटली.

अकरा पन्नासला मीच तिला फोन लावला.

"वेझी, आतुपेले बोलतेय. तिकडून माग काढ."

"काढलाय. दहालाच." आवाज अगदी सपाट होता. "तीन ठाणी आपली. मग लंडन. मग जोहान्सबर्ग. मग काही नाही."

बहिणीपासून माझ्यापर्यंत साडेतीनशे किलोमीटर, आणि वाट लंडनवरून. आमच्याकडे ह्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण म्झुझूची नेहमीची वाट ही नव्हती. रात्री कुणीतरी तिथल्या राउटरवर काहीतरी बदललं होतं. माझं पाकीट तिच्यापर्यंत व्यवस्थित पोचत होतं. तिचं उत्तर निघून जोहान्सबर्गला मरत होतं, आणि त्याच वाटेनं स्कॅनही.

"दहाला दिसलं तर सांगितलं का नाहीस?"

"तक्रार तुझ्या टेबलावर आहे, ताई." मग म्हणाली, "आणि तू फोन करू नको म्हणाली होतीस."

"वाट बदल."

"बदल लिहून ठेवलाय. तुमच्या ऑफिसची परवानगी लागते."

"दिली."

बारा वाजून अकरा मिनिटांनी संच म्वालेंकडे पोचला. गाडी बाराच्या ठोक्याला निघाली होती.

"हिला हलवायचं नाही!" म्वाले फोनवर ओरडले. "आत रक्त साचलंय, तिथंच कवटीला भोक पाडून काढायला हवं! गाडी कुठाय?"

गाडी डोंगरात होती. ड्रायव्हरच्या फोनला रेंज नव्हती. आम्ही सगळेच लावत राहिलो. एक दहाला तो सापडला, वळला, आणि दोन वीसला म्झुझूला परत पोचला. सव्वातीनला तियोंगे गेली. ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायच्या आधीच.

म्वालेंनीच कळवलं. "तुम्ही तुमच्याकडून केलंत बाई," म्हणाले.

"हो," म्हटलं. वायसननं चहा आणून दिला, तो प्यायले.

अशा बिघाडाचा कागद भरावा लागतो, दोन्ही टोकांच्या सह्यांचा. बिघाड काय, कारण काय, उपाय काय. शेवटचा रकाना: दुरुस्तीला उशीर का झाला. तो मी कोरा ठेवला आणि म्झुझूला पाठवला. साडेचारला परत आला. वेझीनं रकाना भरला होता: ‘लिलाँग्वेहून वारंवार फोन आले, म्झुझूत कुणी उचलले नाहीत.’ खाली तिची सही.

ह्या एका ओळीवर तिची नोकरी गेली असती. माझ्या केसालाही धक्का लागला नसता. मी ती ओळ दोनदा वाचली आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा मला धडकी भरली. फोन लावला.

"हे काय लिहिलंस?"

"तुला दोन पोरं आहेत. माझं मी बघेन."

"अगं, मी फोनच केला नव्हता."

"मला माहीत नाही का ते?"

"मग खोड. खरं लिही."

"खरं म्हणजे काय लिहू?"

"आतुपेलेनं दोन तास फोन केला नाही. वेझीला दहाला दिसलं, तिनं कळवलं नाही. दोघी बहिणी, बोलत नव्हत्या."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. तिनं जसंच्या तसं लिहिलं, एक शब्द मऊ केला नाही. मग तिनं विचारलं.

"ताई, इथं त्या मास्तरीणबाईंचं पूर्ण नाव घालायला पाहिजे. आडनाव काय होतं त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.